सहाव्या गाण्यातली मोकळी जागा

१

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवूडमध्ये केस सेट करून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तीन बाजूंनी पाणी, आणि वारा असा, की पार्लरमधून निघालेली बाई ट्रामच्या थांब्यावर पोचेपर्यंत तिच्याकडे बघून वाटावं, ही आत्ताच कुणाशी तरी झटापट करून आली आहे. तरीही गेनॉर स्वार्बरिकच्या पार्लरसमोर दर गुरुवारी सकाळी साडेनऊला म्हाताऱ्या हजर असायच्या. डोक्याला रुमाल, हातात पिशवी, आणि तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू.

त्या केसांसाठी येत नव्हत्या, हे गेनॉरला पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्या गायला यायच्या.

त्याचं असं होतं. पार्लरमध्ये तीन ड्रायर होते, जुन्या पद्धतीचे, डोक्यावर टोपासारखे उतरणारे. एकदा टोप खाली आला आणि घरघर सुरू झाली, की आतल्या बाईला मोठ्याने लावलेलं गाणं कसंबसं ऐकू यायचं, आणि स्वतःचा आवाज तर मुळीच नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच ऐकू येत नसणार, अशी प्रत्येकीची पक्की समजूत. चर्चमध्ये नुसते ओठ हलवणाऱ्या बायका त्या टोपाखाली डोळे मिटून, गळा मोकळा सोडून गायच्या. केस वाळले की टोप वर जायचा आणि बाई पुन्हा पहिल्यासारखी गरीब, सभ्य. एकतीस वर्षांत गेनॉरने एकीलाही सांगितलं नव्हतं, की बाई गं, तुझा आवाज कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जातो. बाकीच्याही सांगत नसत. या पार्लरचा म्हणून एकच नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

खिडकीशी गेनॉरची आई बसायची. मर्टल. तरुणपणी ती मासे सोलण्याच्या शेडमध्ये होती. बर्फगार पाण्यात हात, आणि चाळीस बायका एका सुरात. गाणं उचलायची ती मर्टल. घरी स्वयंपाकघरात बटाटे सोलताना ती वरचा सूर धरायची आणि लहानग्या गेनॉरला खालचा द्यायची. गेनॉर हमखास उशिरा उचलायची. मग आई श्वास घेऊन थांबायची, चाकूने ओट्यावर ठेका धरायची, आणि पोरगी येईपर्यंत पुढे जायची नाही.

तीन वर्षांपूर्वी मर्टलच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि तिची वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला, “बरं.” भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. डोकं शाबूत होतं, डोळे चहाटळ होते, पण लेकीचं नावसुद्धा तोंडातून निघत नव्हतं. गेनॉर छप्पन्न वर्षांची झाली होती. आईने एकदा ‘गेनॉर’ म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती कुणाला सांगायचीही तिला लाज वाटायची.

२

टेस कार्टमेलची सीडी आली तेव्हा गावाला सण आल्यासारखं झालं.

टेस गावचीच पोर. कधीकाळी पाच मुलींच्या एका गाणाऱ्या गटात होती, अख्ख्या इंग्लंडमध्ये त्यांची हवा होती. टेस कडेला उभी राहायची, डावीकडून पाचवी. प्रत्येक गाण्यात तिच्या वाट्याला दोन ओळी, बाकी वेळ हात वर करून ‘आ आ’ करायचं. गट फुटला, बाकीच्या चौघी कुठे कुठे गेल्या, आणि बारा वर्षांनी टेसने एकटीने गायलेला हा पहिला अल्बम काढला. वर नाव काय, तर नुसतं ‘टेस’. कव्हरवर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेली, आणि बाजूला एक रिकामी खुर्ची.

“केस बघ तिचे! कुणी कापले कुणास ठाऊक,” डॉट थ्रेलफॉल म्हणाली. डॉट एक्याऐंशी वर्षांची, शेडमधली आईची मैत्रीण, म्हणून गेनॉरची डॉट मावशी. “तुझ्याकडे आली असती तर बरं दिसलं असतं.”

“मावशी, मागच्या वर्षी तू मलाच म्हणालीस, की मी तुझं डोकं फुलकोबी करून ठेवलंय.”

“मग? फुलकोबीला काही वाईट म्हटलंय का मी?”

पण गाणी सुरू झाली आणि डॉटसुद्धा गप्प झाली. टेस आता ओरडून गात नव्हती. खालच्या सुरात, घरच्यासारखी, तुमच्या सिंकला टेकून बोलत असल्यासारखी गात होती. आयुष्यभर कडेला उभं राहिलेल्या बाईचा तो आवाज होता, आणि पार्लरमध्ये बसलेल्या सगळ्याच जणी कुठल्या ना कुठल्या रांगेत कडेला उभ्या राहिलेल्या होत्या. मोठ्या गाणाऱ्या गातात तेव्हा आपण ऐकतो. टेस गाताना थोडं सरकून घेते, आपल्यालाही शेजारी बसता येतं, असं गेनॉरला वाटलं. त्या महिन्यात इंग्लंडभर लोक तो अल्बम का विकत घेत होते, यावर वर्तमानपत्रांत बरंच काही छापून आलं. गेनॉरला यापलीकडे काही सांगायची गरज वाटली नाही.

सहावं गाणं त्यात खास होतं. वाऱ्यात कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईचं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर टेस थांबते. पियानो चालू राहतो, चाल तीच, पण शब्द नाहीत, आवाज नाही. चांगली अर्ध्या मिनिटाची मोकळी जागा. मग टेस परत येते. त्या जागेत काय गायचं ते कुणी शिकवावं लागलं नाही. टोपाखालच्या डॉटने पहिल्याच दिवशी तिथे मागचं कडवं खणखणीत म्हणून टाकलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. दुसरं गाणं दुसऱ्यांदा लागलं होतं. गेनॉर रोलर गुंडाळत होती. खिडकीशी बसलेलं कुणीतरी टेसच्या बरोबरीने गायला लागलं. बारीक, गंजलेला, पण सुरात अचूक असा आवाज, आणि शब्द स्पष्ट. एकेक शब्द वेगळा.

गेनॉरच्या हातातला कंगवा पडला.

“मर्टल!” डॉट टोप वर ढकलून उठलीच, डोक्यावर अर्धे रोलर लोंबत. “अगं, मर्टल गातेय! बघा गं बायांनो, माझी मर्टल गातेय!”

मर्टल गाणं संपेपर्यंत गात राहिली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, “बरं.” आणि स्वतःच हसायला लागली. त्या सकाळी कुणाचेच केस धड वाळले नाहीत. बेकरीतून ट्रिश मनुकांचे केक घेऊन धावत आली, सगळ्या रडल्या, आणि रडून झाल्यावर रडण्यावरून एकमेकींची टिंगल केली.

३

दवाखान्यातल्या बाईने गेनॉरला पूर्वीच सांगितलं होतं, की बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतं. वाचा गेलेली माणसं कधीकधी गाऊ शकतात. तेव्हा त्यात काही अद्भुत नव्हतं. मर्टलला फक्त पुढे कुणीतरी गाणारं लागायचं. टेस गाते तिथे ती गायची. टेस थांबली की थांबायची. सहाव्या गाण्यातल्या मोकळ्या जागेत ती हनुवटी छातीशी घेऊन गप्प बसायची.

सोमवारी पार्लर बंद असे. गेनॉर आईला खिडकीशी बसवून ब्रश धुवायची, आरसे पुसायची. आरसे समोरासमोरच्या भिंतींवर होते, त्यामुळे एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशा खोल्या आत आत जायच्या. पुसताना त्या मोजायची तिला सवय होती. सात मोजता यायच्या, पुढे सगळं हिरवट व्हायचं.

सीडी लावलेली होती. सहावं गाणं आलं, टेस थांबली, आणि मोकळ्या जागेत डॉट गायली.

गेनॉरने मागे वळून पाहिलं. पार्लर रिकामं होतं. ड्रायरचे प्लगसुद्धा काढलेले. तिने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. पियानो, मग डॉट मावशी. शब्दाच्या शेवटी जराशी शिट्टी वाजणारा, कवळीचा आवाज. आणि त्याच्या मागे, अगदी हलकी, टोपाची घरघर.

गेनॉर काही हळवी बाई नव्हती. तिने ओला हात एप्रनला पुसला, सीडी काढली आणि थेट बेकरीत गेली. ट्रिशकडेही हीच सीडी दिवसभर वाजायची. ट्रिशची सीडी ट्रिशच्या यंत्रावर लावली. मोकळी जागा मोकळीच होती. ट्रिशची सीडी पार्लरमध्ये लावली, मोकळीच. आपली सीडी बेकरीत लावली.

“अय्या, तुझ्यात कुणीतरी गातंय की!” ट्रिश पाव कापता कापता म्हणाली. “तुला बरी वेगळी मिळाली. कोण गं ही? छान गाते.”

“तुला ओळखीचा वाटत नाही आवाज?”

“टेसची आई असेल. किंवा मावशी. सारख्याच असतात कार्टमेलच्या बायका.”

गेनॉर तेच स्वतःला सांगत परत आली. टेस गावची, तिने गावातल्या कुणा म्हातारीला गायला बसवलं असेल, काही सीड्यांवर ते आलं असेल, आणि गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या एकाच डॉक्टरने केलेल्या आहेत. घरघर म्हणजे पियानोच्या खोलीतला पंखा. पटण्यासारखं होतं. फक्त मागच्या गुरुवारपर्यंत हा आवाज तिथे नव्हता, तेवढं सोडून.

४

गुरुवारी गेनॉरने डॉटला मुद्दाम मधल्या ड्रायरखाली बसवलं आणि तिच्याकडे बघत राहिली. सहावं गाणं आलं. मोकळ्या जागेत डॉटने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि मान डोलवत अख्खं कडवं म्हटलं. तिच्या तोंडातून आवाज आला नाही. आवाज स्पीकरमधून आला.

शेजारच्या ड्रायरखाली बेरिल होती. बेरिल म्हणजे नदीपलीकडे फेरीबोट नेणाऱ्या माणसाची विधवा. इतकी भित्री, की चहात साखर कमी पडली तरी सांगायची नाही. स्पीकरमधून डॉट गाताना ऐकून तिला हुरूप आला असावा. तीही गायली, मोठ्याने, आणि हसली.

टोप वर गेल्यावर गेनॉरने हळूच विचारलं, “मावशी, घसा बरा आहे ना?”

“घशाला काय धाड भरलीय? आत्ता गायले की मी!”

“चर्चमध्ये?”

“तिथेही गाते. पाद्रीबाबा म्हणतात आवाज येत नाही. त्यांचे कान तपासायला हवेत.” डॉट आरशात स्वतःकडे बघून खूश होती. एवढी खूश गेनॉरने तिला नवरा गेल्यापासून पाहिली नव्हती. गालांवर रंग आला होता, गुडघ्याची तक्रार थांबली होती.

पुढच्या सोमवारी मोकळ्या जागेत दोघी होत्या. डॉट आणि बेरिल.

आणि गेनॉरला खरी भीती वाटली ती तेव्हा. त्या आवाजांमुळे नव्हे. खिडकीशी बसलेल्या आईने हनुवटी वर उचलली होती. इतके दिवस त्या जागेत तिला पुढे गाणारं कुणी नव्हतं. आता होतं. मर्टलचे ओठ सुटले, पोटात श्वास भरला, आणि गेनॉरने धावत जाऊन बटण दाबलं.

“बरं?” आई रागावून म्हणाली.

५

तिने सीडी खणात टाकली. दोन गुरुवार दुसरीच गाणी वाजली. बायकांनी तोंडं वाकडी केली, आणि मर्टल मुकाट बसून राहिली. गेनॉरने आईच्या आवडीची एकूण एक जुनी गाणी लावून पाहिली. आई विनम्रपणे ऐकायची आणि म्हणायची, “बरं.” घरी बटाटे सोलताना गेनॉर स्वतः गायली, खालचा सूर, कारण वरचा तिला कधी आलाच नाही. आई तिच्याकडे मायेने बघत राहिली, पण तिच्या तोंडातून काही निघालं नाही. टेसशिवाय ते दार उघडत नव्हतं.

मग गेनॉरने तोड काढली. पहिली पाच गाणी लावायची, सहावं आलं की बंद. पाच गाण्यांपुरती का होईना, आई मिळत होती. मर्टल पुन्हा गायला लागली, पार्लर पुन्हा हसायला लागलं, आणि पाचव्या गाण्याच्या शेवटी गेनॉर हातातलं काम टाकून यंत्राकडे धावायची. एकदा ती बेरिलच्या डोक्यावर पाण्याचा नळ सोडूनच धावली. पूर्वीची बेरिल बुडाली असती तरी बोलली नसती. आताची म्हणाली, “मेले असते ना गं बाई!” आणि खो खो हसली.

शेवटी डॉटने तिला मागच्या मोरीत गाठलं.

“गेनॉर, पोरी, तू ते गाणं का लावत नाहीस ते मला माहीत आहे.”

गेनॉरने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “मावशी, तू गात नाहीस गं आता. तुझ्या तोंडून काही येत नाही. बेरिलच्याही. तुम्हाला कळत कसं नाही?”

“कळतं की.”

“आणि काहीच वाटत नाही?”

डॉटने विचार केला. तिला विचार करताना बघायची गेनॉरला सवय नव्हती. “दुपारी मटार सोलत बसते ना, तेव्हा ऐकू येतं मला. मी गातच असते तिथे. जागा खूप आहे, सगळ्या मावतात.” मग आवाज उतरवून, कौतुकाने म्हणाली, “आणि तिथे वारा नाही गं. अजिबात नाही. केस कसे बसवले तसे राहतात.”

गेनॉरने टॉवेलची घडी पुन्हा मोडली.

“आई पुन्हा मुकी होईल, मावशी. तीन वर्षांनी मिळालाय मला तो आवाज. पाच गाण्यांपुरता. तोही द्यायचा?”

“तुला मिळालाय,” डॉट म्हणाली. “तिला काय हवंय ते विचारलंस का?”

६

मर्टलचा ऐंशीवा वाढदिवस गुरुवारीच आला. आईने बोट दाखवून मधला ड्रायर मागितला. आजारपणानंतर ती कधी टोपाखाली बसली नव्हती. गेनॉरने तिचे केस धुतले, गुलाबी रोलर लावले, मानेला टॉवेल गुंडाळला. एका बाजूला डॉट, दुसऱ्या बाजूला बेरिल. ट्रिशने केक आणला होता, त्यावर साखरेचा मासा काढलेला. माशाला पापण्या होत्या, त्यावरून बराच गोंधळ झाला.

“मासा आहे का पाद्रीबाबा?”

“शेपटी बघ आणि मग बोल!”

पाच गाणी झाली. मर्टल टोपाखालून पाचही गायली, आणि बेकरीतल्या गिऱ्हाइकांनी रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवल्या. गेनॉरने यंत्राकडे हात नेला.

ओल्या, गार बोटांनी तिचं मनगट पकडलं. मासे सोलणारे हात म्हातारपणीही सैल पडत नाहीत. आई आरशातून तिच्याकडे बघत होती. ती ‘बरं’ म्हणाली नाही. तिने नुसती मान हलवली, लहानपणी गेनॉर साखरेच्या डब्याकडे हात न्यायची तेव्हा हलवायची तशी.

“आई, नको ना.” गेनॉरला रडू फुटलं. “मग मला काय उरेल गं?”

मनगट सुटलं नाही. सहावं गाणं सुरू झालं. बाई वाऱ्यात कपडे वाळत घालू लागली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. टेस थांबली. डॉट आणि बेरिल स्पीकरमधून गायला लागल्या, खुर्चीत बसून हसत, तोंडं उघडून. आणि त्यांच्या वर, त्यांना उचलून धरत, मर्टलचा सूर आला.

तो गंजलेला नव्हता. तो शेडमधला होता, चाळीस बायकांना ओढून नेणारा. गेनॉरने पूर्वी तो ऐकला होता तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दाराशी डबा घेऊन उभी होती. कडव्याच्या शेवटच्या ओळीत एका शब्दाच्या जागी आईने दुसराच शब्द घातला, चालीत अगदी नीट बसवून. तिने म्हटलं, ‘गेनॉर’.

गेनॉरने डोळे पुसले आणि आरशात पाहिलं.

समोरच्या आरशात तिघी होत्या, तीन टोप. त्याच्या आतल्या खोलीत तिघी. त्याच्या आतल्या खोलीत तीन टोपांच्या पुढे चौथा होता. मग पाचवा. रांग भिंतीपाशी संपत नव्हती. टोपाखालच्या बायका गेनॉरने कधी पाहिल्या नव्हत्या, पण त्यांच्या डोक्यावरचे केस तिला ओळखू आले. शिकाऊ असताना असे केस तिने पुस्तकातल्या चित्रांत पाहिले होते, आणि काही तर त्याहूनही जुने. सगळ्या आनंदात होत्या. सगळ्यांची तोंडं एकदम उघडत होती, एकदम मिटत होती. रांगेत एकच खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर टॉवेल घडी करून ठेवला होता, गेनॉर ठेवते तसा, कोपरा आत दुमडून.

दारावरची घंटा वाजली. तिने मान वळवली. दार बंद होतं. ड्रायर तीनच होते.

टेस परत आली आणि गाणं पुढे गेलं. मर्टलने लेकीचं मनगट सोडलं आणि केककडे बोट दाखवलं. तोंड उघडून ती काहीतरी म्हणाली, पण ‘बरं’सुद्धा बाहेर आलं नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने माशाचं डोकं मागितलं, पापण्यांसकट, आणि ते सगळं खाल्लं.

७

सोमवारी पार्लर बंद होतं. गेनॉरने आईला खिडकीशी बसवलं, पायांवर शाल घातली. मर्टल बाहेर वाऱ्याने उलटणाऱ्या छत्र्या बघून आवाज न करता हसत होती. अशी मजेत ती गेल्या तीन वर्षांत कधी दिसली नव्हती.

ब्रश धुतले. कंगवे पुसले. आरशांकडे मात्र गेनॉर गेली नाही. आज राहू देत आरसे, एका आठवड्याने काय होतंय, असं तिने स्वतःला बजावलं. सीडी लावणार नव्हतीच. फक्त एकदा, नावापुरतं. आईच्या तोंडचं आपलं नाव परत ऐकायला मिळत असेल, तर कुठली लेक नाही म्हणेल? तिने सरळ सहावं गाणं लावलं.

टेस थांबली. डॉट, बेरिल, आणि वर आई. पार्लर आवाजांनी भरून गेलं, आणि गेनॉर हातात कंगवा घेऊन उभ्या उभ्या हसायला आणि रडायला लागली. शेवटची ओळ आली. ‘गेनॉर’, आई म्हणाली. किती नीट म्हणाली.

आता टेसने परत यायला हवं होतं. ती आली नाही. डॉट आणि बेरिलही थांबल्या. पियानो तेच दोन स्वर हळूहळू वाजवत राहिला. सगळ्या आवाजांच्या जागी आता टोपाची घरघर होती, आणि तिच्या मागे एक श्वास आत घेतला गेला. गेनॉरला तो श्वास ठाऊक होता. बटाट्यांच्या सालांचा वास आला असता तरी तिला नवल वाटलं नसतं. तो श्वास घेऊन आई थांबली होती. वरचा सूर झाला होता. खालचा उरला होता, आणि तो कुणी उचलला नव्हता.

तिने खिडकीकडे पाहिलं. आई बाहेर बघत नव्हती. ती लेकीकडे बघत होती, डोळ्यांत सगळी जुनी थट्टा, आणि तिचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. टक, टक, टक. घाई नव्हती. ती कधीच घाई करायची नाही. रस्त्यावरचा वारा पडला होता.

बटण चार पावलांवर होतं. गेनॉर बटणाच्या दिशेनेच निघाली. मग वाटेत तिने मधल्या ड्रायरचा प्लग लावला, कारण नुसतं उभं राहून गायची तिला लाज वाटली असती. ती खुर्चीत बसली. टोप खाली ओढला, घरघर सुरू झाली, आणि तिला स्वतःचं काही ऐकू येईनासं झालं. म्हणजे कुणालाच ऐकू जाणार नव्हतं.

आईने पुन्हा एकदा ठेका दिला. या वेळी गेनॉरला उशीर झाला नाही.